माफीला चाल नव्हती

आधी माफी मागून घेते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं, की माझं मलाच दुसऱ्या दिवशी लागत नाही. हे कोणी वाचणार नाही. वही शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनींच्या खाली राहते. तरी माफी मागितलेली बरी. आमच्या लेआऊटमध्ये सध्या माफी मागण्याचे फार संस्कार होऊन गेले आहेत.

हुडकेश्वरच्या या लेआऊटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, मी, माझी मुलगी आणि नात अशा तिघी राहतो. मुलगी धंतोलीतल्या एका दवाखान्यात काउंटरवर बसते. सकाळी जाते ती दिवे लागल्यावर येते. मी घरी साड्यांना फॉल-पिको करते. मला चारचौघांत बोलता येत नाही. गिऱ्हाइकानं पैसे कमी दिले तरी मी मान हलवते आणि ती बाई गेल्यावर मशीनशी भांडते.

नात दुसरीत आहे. तिचा उजवा डोळा आळशी आहे. हा शब्द डॉक्टरांचा, माझा नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी चिकटवायची, म्हणजे आळशी डोळ्याला नाइलाजानं काम करावं लागतं. शाळेतून आल्यावर झोपेपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळपासून. डॉक्टरांनी मुलीला बजावलं होतं, "हे आत्ता झालं तर झालं. पोरगी मोठी झाली की तो डोळा ऐकणार नाही." तेव्हापासून मला कुकरच्या शिट्टीतही पट्टी, पट्टी असंच ऐकू यायचं.

सुरुवातीला काहीच अडचण आली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. पहिल्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी विचारलं, "हे काय लागलं वं तुले?" ती म्हणाली, "डॉक्टरनं लावली." एका पोरानं "मले पण लावू दे ना" म्हणून हट्ट केला आणि घरी जाऊन बोटाला लावायची पट्टी डोळ्यावर चिकटवून आला. भुवईचे केस निघाल्यावर रडला. मग सगळे लगोरी खेळायला गेले. ती पट्टी लावून खेळली, नेम चुकला, सगळ्यांचेच चुकतात, संपलं. त्या पोरांना अजून कोणी दया शिकवली नव्हती.

शिकवायला मॅडम होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या. दर रविवारी संध्याकाळी मंदिरापुढच्या मांडवात त्या मुलांना गोष्टी सांगत. कोणाला चिडवू नये, कोणी चिडवलं तर हसून सोडून द्यावं, सगळ्यांशी प्रेमानं वागावं, अशाच सगळ्या. गोष्टी स्वतः रचत आणि स्वतःच्या पैशानं छापून घेत. पातळ पुस्तकं, मागे किंमत वीस रुपये. विकत कोणी घेत नसे, म्हणून वाढदिवसाला, सत्यनारायणाला, कोणी दवाखान्यातून घरी आलं की, मॅडम पुस्तक देत. मुलं पंधरा-वीस, मॅडमपासून दोन हातांवर बसलेली, तरी माईक लागे. मी घरात फॉल लावता लावता सगळी गोष्ट ऐकत असे. ऐकायची नाही म्हटलं तरी सोय नव्हती.

एका रविवारी मॅडमनी नातीची पट्टी पाहिली. त्यांचे डोळे भरून आले. हे त्यांनी माईकवरच सांगितलं. पुढच्या रविवारी नवी गोष्ट तयार होती.

गोष्टीत एक चिमणी होती. तिला एकच डोळा. रानातली सगळी पाखरं तिला चिडवायची. कशी चिडवायची, तेही मॅडमनी नीट समजावून सांगितलं, कारण मुलांना गोष्ट कळली पाहिजे. त्यांनी त्यासाठी एक गाणं रचलं होतं, टाळ्यांवर म्हणायचं.

"काणी चिमणी, काणी गं, दिसतं का तुला पाणी गं?"

चाल इतकी सोपी, की दुसऱ्या वेळेस सगळा मांडव म्हणायला लागला. मॅडम म्हणाल्या, "अजून जोरात! चिमणीला किती वाईट वाटलं असेल ते कळू द्या!" मुलांनी कळू दिलं. मग चिमणी रडत रानाच्या टोकाला जाऊन बसली. मग ससाणा आला. तो फक्त चिमणीलाच दिसला, तिनं सगळ्यांना हाक मारली, सगळ्यांचे जीव वाचले, सगळ्यांनी माफी मागितली. हे मात्र मॅडमनी भराभर उरकलं, कारण आरतीची वेळ झाली होती. आणि माफीला चाल लावली नव्हती.

मला खिडकीतून दिसत होतं, गोष्टभर सगळी पोरं वळून वळून माझ्या नातीकडे बघत होती. तिच्यात चिडवण्यासारखं काही आहे, हे त्यांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

मी या गोष्टींचा विचार मशीनवर बसून पुष्कळ केला आहे. मॅडमची कोणतीही गोष्ट घ्या. ससा लंगडा असतो, माकड बोबडं असतं, हत्तीण काळी असते. आधी पोटभर चिडवणं. मग संकट येतं, विहिरीत कोणीतरी पडतं, आणि ज्याला चिडवलं त्यानंच दोर घेऊन धावायचं. वाचवलं की सगळे त्याला आपला म्हणतात. आता समजा ससा लंगडा आहे आणि विहिरीत कोणी पडलंच नाही? मग त्यानं जन्मभर ऐकून घ्यायचं का? आमच्याकडे तर विहिरीही नाहीत. सगळ्या बोअरवेल.

सोमवारी नात शाळेतून आली आणि पट्टी लावायला घेतली तर म्हणाली, "खाजते." मंगळवारी म्हणाली, "घाम येते." बुधवारी तिनं लावली, पण दारात कोणी आलं की झर्रकन काढून मुठीत लपवायची. काढून-लावून पट्टी चिकटेना, मग ती पडलीच, मग ती पलंगाखाली सापडली. बाहेर खेळायला जाणं बंद. गल्लीतून आवाज यायचा, टाळ्यांसकट, चालीत. पोरांचं मन वाईट नव्हतं, गाणं चांगलं होतं.

एका संध्याकाळी ती गॅलरीत बसून वर बघत होती. मी विचारलं, "काय पाहून राहिली वं?"

"ससाणा. इकडे येते का आजी?"

"इकडे कुठला येते. कबुतरं येतात. सकाळी कचऱ्याची गाडी येते."

ती वरच बघत राहिली. "मंग कसं करावं?" म्हणाली.

तेव्हा मी ठरवलं, की मॅडमना जाऊन सांगायचं. त्यांची एक साडी माझ्याकडे होतीच. रस्ताभर मी वाक्य घोळवलं. मॅडम, ती गोष्ट तेवढी सांगू नका, पोरगी पट्टी लावत नाही, डोळा जाईल. सोपं वाक्य होतं. त्यांच्या दारात उभी राहिले. मॅडम म्हणाल्या, "या ना ताई! तुमच्या नातीला आवडली ना गोष्ट? खास तिच्यासाठी लिहिली हो मी." मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "फॉल कोणत्या रंगाचा लावू?"

साडी मोरपंखी होती. त्यांनी मोरपंखी सांगितला. मी घरी आले आणि त्या रात्री मशीनशी फार भांडले.

पोळा जवळ आला. बाहेरगावी कोणाला माहीत नसेल म्हणून लिहिते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. लाकडाचे बैल, त्यांना झूल, गळ्यात घुंगरू. संध्याकाळी पोरं बैल घेऊन दारोदार जातात, बाया बैलाला ओवाळतात आणि पोरांच्या हातावर पैसे ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात. नातीला या वर्षी चाकांचा मोठा बैल पाहिजे होता. या सगळ्या भानगडीच्या आधीच आमचं ठरलं होतं, पैसे माझ्या फॉल-पिकोतून, आणि बोजारा मिळाला की उधारी परत. बैल घरात आला होता. तिनं त्याच्या शिंगांना सोनेरी रंगही दिला होता.

पोळ्याच्या दिवशी ती म्हणाली, "मी नाही जात उद्या."

"काहून?"

"पट्टी लावून मी कोणाच्या दारी जात नाही. उद्यापुरती काढू दे."

एक दिवस एक दिवस करत किती गेले ते मला माहीत होतं. "पट्टी निघणार नाही," मी म्हणाले. घरात मला बोलता येतं.

"मंग बैल वापस कर. तुही उधारी फिटली."

"दुकानदार घेत नाही आता. शिंगं कोणं रंगवली?"

ती बैलाकडे पाठ करून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत. शहरात त्या दिवशी मोठमोठे पुतळे निघतात आणि लोक ओरडतात, रोगराई घेऊन जा गे मारबत, महागाई घेऊन जा गे मारबत. सोबत बडगे असतात, ज्याचा राग आला त्याचा पेंढ्याचा पुतळा. मिरवून मिरवून शेवटी जाळतात. आमच्या लेआऊटमध्येही पोरं एक छोटा बडग्या करतात. या वर्षी मॅडमनी तो हातात घेतला.

माईकवर त्या म्हणाल्या, "मुलांनो, आज आपण चिडवण्याचा बडग्या करायचा! तुम्ही कोणाकोणाला काय नाव ठेवलं, ते चिठ्ठीवर लिहा. स्वतःचं नाव लिहू नका. बडग्याला चिकटवा. आपण सगळी वाईट नावं जाळून टाकू!"

इतका उत्साह मी त्या पोरांमध्ये गोष्टीच्या वेळी कधी पाहिला नव्हता. वह्यांची पानं फाटली, गोंदाची बाटली संपली, दुसरी आणली. ज्यांनी कोणाला कधी नाव ठेवलं नव्हतं, तेही एकमेकांना विचारून लिहायला लागले. मागं राहायचं नव्हतं कोणाला. बडग्याचा पेंढा दिसेना, इतक्या चिठ्ठ्या.

मग मिरवणूक. एक पोरगा चिठ्ठी वाचायचा, बाकीचे ओरडायचे, "घेऊन जा गे मारबत!" तोपर्यंत आमच्याकडे प्रत्येक गल्लीची नावं त्या गल्लीतच राहत होती. आमच्या गल्लीतल्या दातपुढ्याची खबर मागच्या गल्लीला नव्हती. त्या सकाळी सगळ्या लेआऊटला सगळ्यांची नावं पाठ झाली. पोरांनी मोठ्यांनाही सोडलं नव्हतं. माणसं चहाचे कप घेऊन फाटकाशी उभी राहून वाचत होती. कोपऱ्यावरचे काका शेजाऱ्याच्या नावावर पोट धरून हसले, आणि हसता हसता त्यांना बडग्याच्या मांडीवर "फुकट पेपर" दिसलं. रोज दुसऱ्याचा पेपर मागून वाचतात ते. कप घेऊन आत गेले. त्यांची बायको मात्र बाहेरच थांबली, तिला अजून वाचायचं होतं.

बडग्या आमच्या फाटकासमोर आला. नात माझ्या मागे, पदर धरून. पट्टी मुठीत. बडग्याच्या छातीवर "काणी चिमणी" होतंच, एक नाही, वेगवेगळ्या अक्षरांत चार-पाच ठिकाणी. मला वाटलं, आता ही आत पळणार. तेवढ्यात बडग्याचा हात लोंबायला लागला म्हणून मॅडम तो नीट करायला वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

पोटावर चिठ्ठी होती. "भोंगा मॅडम."

मॅडमनी माईक बंद केला. तो बंद होतो, हे मला त्या दिवशी कळलं. "कोणी लिहिलं हे?" त्या म्हणाल्या. माईकशिवायही तेवढंच ऐकू आलं.

मॅडमनी ती चिठ्ठी ओढली. गोंद ओला होता, सोबत थोडा पेंढा आला. त्यांनी ती घडी करून पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

एक बारकी पोरगी म्हणाली, "मॅडम, ती पण जाळायची ना?"

"ही चुकून लागली होती," मॅडम म्हणाल्या. "चला, पुढे चला!"

एकच चिठ्ठी पर्समध्ये गेली. बाकी सगळ्यांची नावं अंगावर घेऊन बडग्या पुढे निघाला.

माझ्या पाठीमागून खसखस ऐकू आली. मला वाटलं नात रडते आहे. ती पदर तोंडात कोंबून हसत होती.

"आजी, मॅडमले झोंबलं वं!"

"हाव."

"थ्या त म्हणत होत्या, हसून सोडून द्यायचं."

"म्हणत होत्या खऱ्या."

"मंग सोडून काहून नाही दिलं? पर्समध्ये ठेवलं!"

मी विचारलं, "तू लिहिलं का वं?"

"नाही. पण बरोबर लिहिलं होतं. भो वर टिंब पण दिलं होतं." आणि पुन्हा हसायला लागली. हसता हसता थांबून म्हणाली, "मॅडम मोठ्या आहेत, तरी त्याहिले राग आला." मग बैलाच्या घुंगराची गाठ सोडत आणि बांधत बसली.

संध्याकाळी तिनं स्वतः आरशासमोर उभं राहून पट्टी लावली. कडा बोटानं दाबून दाबून बसवल्या. मी दारातून बघत होते. तीच म्हणाली, "अशी नको पाहू. उधारी फेडायची आहे ना तुही."

मी चार पावलं मागे चालत होते. पहिल्याच वळणावर पोरांचा घोळका भेटला, सगळ्यांचे बैल सजलेले. एकानं टाळी वाजवून सुरू केलं, "काणी चिमणी, काणी गं..." नात थांबली. आळशी डोळ्यानं नीट दिसत नाही म्हणून त्याच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "तुह्यावरची चिठ्ठी पण वाचली मी सकाळी. म्हणू?"

त्याची टाळी हवेतच राहिली. दुसरा म्हणाला, "माह्यावरची पण वाचली का?" "सगळ्याइची वाचली." मग कोणीतरी तिच्या बैलाच्या शिंगांना हात लावून विचारलं, "हा रंग कुठून आणला वं?" आणि सगळे मिळून पुढच्या दाराशी गेले. मॅडमच्या बडग्यानं दया काही आणली नव्हती. सगळ्यांची मात्र बरोबरी करून टाकली होती.

घरोघर बैल ओवाळले गेले. मॅडमच्या दारातही. त्यांनी सगळ्या पोरांना बोजारा म्हणून एकेक पुस्तक दिलं. "पैशापेक्षा मोलाचं आहे हो हे," म्हणाल्या. पोरांनी बैलाच्या गाडीवर पुस्तकं ठेवली आणि चेहरे लांब करून निघाली.

घरी येऊन आम्ही हिशेब केला. थोडे कमी पडले. नातीनं पुस्तक पुढे सरकवलं. "हे घे. मागं किंमत लिहिली आहे, वीस रुपये."

"पुस्तक नाही चालत," मी म्हणाले. "नगदी पाहिजे." मी गमतीनं म्हणाले होते. तिनं पुस्तक उचललं, बैलाची दोरी धरली आणि चपला घालून निघालीच. मी मागे धावले. मॅडमचं फाटक उघडंच होतं. मी बाहेर, त्यांच्या स्कूटीच्या आडोशाला थांबले. आत जायचं धाडस मला झालं नाही, हे सांगायला नकोच.

नात दारात उभी राहून म्हणाली, "मॅडम, हे पुस्तक घ्या आणि वीस रुपये द्या."

"अगं, काय झालं? पुस्तक नको तुला? यात किती छान संस्कार आहेत!"

"हाव मॅडम. पण आजी उधारीत संस्कार घेत नाही."

मला स्कूटीच्या मागे जागा पुरेना. मॅडम हसल्या. मोठ्यानं, लाडानं, जशा त्या मांडवात हसतात. "बघा किती धीट झाली! अगदी माझ्या गोष्टीतली चिमणी!"

"मॅडम, मले चिमणी नका म्हणू," नात म्हणाली. आवाज बारीकच होता, पण थरथरत नव्हता. "मी पण तुम्हाले थे म्हणत नाही."

मॅडमचा हात पर्सवर होता, तीच सकाळची पर्स. मग चेन उघडली, नोट काढली. घडी केलेली ती चिठ्ठी नोटेसोबत बाहेर आली, ती त्यांनी घाईनं परत आत ढकलली. नोट नातीच्या हातावर ठेवली. आणि पुस्तक परत घेतलं. बैलाला दुसऱ्यांदा ओवाळलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मॅडमनी झाडं लावण्याची गोष्ट सांगितली. झाडाला कोणी चिडवत नाही. माईक होताच.

पण त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा मुलगी नुकतीच ड्यूटीवरून आली होती. तिनं लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पट्टी लावून फिरली?" नातीनं डोळ्याला हात लावून पाहिला. पट्टी आहे हे तिच्या ध्यानात नव्हतं. "राहू दे, झोपताना काढते," म्हणाली, आणि माझ्या मांडीवर सगळे पैसे ओतले. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, वरून मॅडमची वीसची नोट.

"मोज."

मी मोजले. तिनं पुन्हा मोजायला लावले, मी पुन्हा मोजले.

"आता बैल कोणाचा?"

"तुहा."

"पूर्ण?"

"पूर्ण," मी म्हणाले. "उधारी फिटली."